बांधावर उतरवलेल्या चुंबळी

सुरुवातीलाच क्षमा मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पेन हातात धरलं नाही. वडील सही करायला शिकले तेही मी चौथीत असताना, माझ्याच पाटीवर. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मिठागरातल्या आठवणी लिहून द्या, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. आठवणी मोठ्या माणसांनी लिहायच्या असतात, आणि मी अजून इंटरला बसणारा मुलगा आहे. माझी वाक्यं कुठे मोडली तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावीत.

तरी लिहितो आहे. गेल्या वर्षी याच कॉलेजच्या सभागृहात व्यासपीठावर उभा राहून मी एक गोष्ट बोललो. ती खोटी होती. तिला टाळ्या मिळाल्या, बक्षीसही मिळालं. जिथं बोललो तिथंच ती मागे घ्यायची आहे.

आमचं गाव पनवेलच्या खाडीला लागून आहे. भातशेती संपते तिथं मिठागर सुरू होतं. ज्यांनी मिठागर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दिवाळीनंतर खाचरांच्या तळाचा चिखल पायांनी तुडवून तुडवून घट्ट करतात, त्याला आमच्याकडे पाय देणं म्हणतात. मग उधाणाचं खारं पाणी आत घेतात. उन्हानं पाणी आटतं, तळाशी मीठ धरतं. पुरुष लांब दांड्याच्या लाकडी फळीनं ते ओढून बांधाच्या कडेला लहान लहान ढीग करतात. बायका ते ढीग पाट्यांत, म्हणजे टोपल्यांत, भरून डोक्यावरून मोठ्या राशीपर्यंत नेतात. पावसाळ्याआधी सगळं मीठ राशीवर जाऊन वर पेंढ्याचं छप्पर बसायला हवं. नाही तर वर्षाची मेहनत एका सरीत खाडीला परत जाते.

पाटीखाली डोक्यावर जुन्या लुगड्याची गुंडाळी ठेवतात, ती चुंबळ. आमच्या गावात पुरुष चुंबळ घेत नाही. डोक्यावरून ओझं नेणं बाईचं, खांद्यावरून नेणं बाप्याचं, हे कुणी ठरवलं मला माहीत नाही, पण ते देवाच्या नियमासारखं पाळतात. माझ्या लहानपणी एक गडी बायको आजारी होती म्हणून आठवडाभर डोक्यावर पाटी घेऊन चालला. पुढे दहा वर्षांनी त्याच्या मुलीच्या हळदीला बायकांनी गाणं जोडलं, त्यात त्याची चुंबळ आली, आणि तो मांडवातून उठून गेला.

गड्याचा रोज सोळा आणे होता. बाईचा दहा आणे. दोन्ही रोज हप्त्याच्या, म्हणजे मजुरी वाटायच्या दिवशी मुकादम गड्याच्याच हातात ठेवायचा. मी जन्मल्यापासून असंच पाहिलं होतं. त्यात काही विचारण्यासारखं आहे असं मला वाटलं नव्हतं.

आता कॉलेजातलं सांगतो. पहिल्या वर्षाला वादविवाद मंडळानं विषय ठेवला: स्त्री आणि पुरुष यांना समान कामाला समान वेतन असावे. बाजूनं बोलायला बरेच जण तयार होते, विरोधात कुणी मिळेना. आमचे मराठीचे प्राध्यापक वर्गात म्हणाले, “खेड्यातली मुलं कायम मागच्या बाकावर. एकदा तरी उठा.” ते माझ्याकडे बघत होते असं मला वाटलं. मी उठलो. मला विरोधाची बाजू मिळाली.

मी आठ दिवस तयारी केली. भाषण सगळं लिहून काढलं, कारण न लिहिता मला चार माणसांत बोलता येत नाही, जीभ अडकते. पुस्तकातली कारणं मला पाठ होईनात. मग घरचंच लिहिलं. मी म्हणालो, “अध्यक्ष महाराज, मी मिठागरात वाढलेला मुलगा आहे. माझे वडील फळी मारतात, त्यात कसब आहे. माझी आई पाटी वाहते, त्यात कसब नाही. घराचा भार पुरुषावर असतो. माझ्या आईनं कमी रोजाबद्दल कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही.”

सभागृहात टाळ्या पडल्या. इतरांनी पुस्तकातलं सांगितलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होतो. परीक्षकांनी मला दुसरं बक्षीस दिलं, एक चांदीच्या रंगाचा पेला. माझ्या विरुद्ध बोललेली मुलगी होती, तिनं देशाच्या घटनेत काय लिहिलं आहे ते वाचून दाखवलं होतं. तिला काही मिळालं नाही. खाली उतरल्यावर ती मला म्हणाली, “तुमचं भाषण चांगलं झालं. पण एक विचारू? तुमच्या आईंना तुम्ही विचारलंत का?”

मी म्हणालो, “विषय तसा दिला होता.”

“ते नाही विचारलं मी,” ती म्हणाली, आणि निघून गेली.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली आणि मी एस.टी.नं पनवेलला उतरलो, तिथून चालत गावी. पेला धोतराच्या फडक्यात गुंडाळून आणला होता. वडिलांनी तो दोन्ही हातांनी घेतला, उजेडात फिरवून पाहिला आणि देव्हाऱ्यात ठेवला. मग विचारलं, “कशाचा दिला?”

मी सांगितलं. वडिलांना फार आनंद झाला. ते कमी बोलतात, पण त्या आठवड्यात त्यांनी ती गोष्ट सगळ्या आगरावर, म्हणजे मिठागरावर, सांगितली. “आमचा पोर कॉलेजात बोलला. साहेब लोक बसलेले. फळीत कसब हाय, बोलला.”

आईनं ऐकलं. ती तेव्हा चूल सारवत होती. हात न थांबवता म्हणाली, “आनी पाटीत?”

मी वडिलांकडे पाहिलं.

“पाटीत काय हाय बोललास, बाला?”

“तसं नाय, आय. तिथं एक बाजू घ्यावी लागते.”

“मंग घेतलीस,” आई म्हणाली आणि पुढची जागा सारवू लागली.

मला माहीत नसलेली गोष्ट अशी होती की त्याच उन्हाळ्यात बायकांनी रोजाचा विषय काढला होता. ट्रका थेट लागाव्यात म्हणून मिठागराच्या मालकानं, शेठनं, मोठी रास खाडीकडून हलवून पनवेलच्या रस्त्याच्या कडेला नेली होती. फळी मारणाऱ्यांना त्याचा काही त्रास नव्हता. पण पाटीची वाट दुप्पट झाली होती. बायकांनी मुकादमाला सांगितलं, आम्हाला गड्याएवढा पुरा रोज पाहिजे. मुकादम शहरातला, गोड बोलणारा माणूस. शेठला विचारतो, म्हणून तो महिनाभर टाळत होता.

माझी आत्या यात सगळ्यांच्या पुढे होती. ती आपट्याला, जवळच्या गावात, दिलेली, नवरा गेल्यावर माहेरी आली, माझ्या काकांच्या घरात राहिली आणि आमच्याच आगरावर पाटी वाहू लागली. तिच्या जिभेला अख्खं गाव भ्यायचं. तिनं मुकादमाला पुन्हा विचारलं तेव्हा मी बांधावरच होतो, वडिलांची भाकर घेऊन आलो होतो.

मुकादमानं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. “मला कशाला विचारता, मावशी? तुमच्या घरातच विद्वान आहे. कॉलेजमध्ये भाषण करून बक्षीस मिळवलं त्यानं. काय म्हणालास रे? बाईच्या कामात कसब नाही, कमी रोज बरोबर आहे. खरं ना? आता तुमचाच शिकलेला मुलगा सांगतोय, तर शेठ काय वेगळं सांगणार?”

वीस-बावीस बायका माझ्याकडे बघत होत्या. माझ्या हातात भाकरीचं गाठोडं होतं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मुकादमाकडे.

“त्याला काय कळतंय? त्यो भाकर घेऊन आलाय, ती पन उशिरा.”

सगळ्या हसल्या. मुकादमही हसला. पण त्या संध्याकाळी विहिरीवर बायकांचं बोलणं मी जाताच थांबलं. आई घरी आली आणि तिनं देव्हाऱ्यातून पेला उचलला.

वडील म्हणाले, “काय करतंस?”

“देवासमोर खोट्याचा पेला कशाला?” तिनं त्यात सुक्या मिरच्या भरल्या आणि चुलीजवळच्या फळीवर ठेवून दिला.

वडील जेवताना म्हणाले, “उगा भांडन काडलंय बायांनी. दोन रोज घरात येतात ते एकाच टोपलीत जातात. कुनाचा किती, काय करायचाय?”

“एकाच टोपलीत जातात,” आई म्हणाली, “तर मंग माजाच कमी कशाला?”

वडील हात धुवायला उठले. मी तर बक्षीस घेऊन आलो होतो, तरी मीही ताट उचलून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका नेहमीसारख्या आगरावर गेल्या. पाट्या घेतल्या नाहीत. बांधावर ओळीनं बसल्या, आणि आत्यानं आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून समोर जमिनीवर ठेवली. तिच्यामागून आईनं. मग एकेकीनं. जुन्या हिरव्या, तांबड्या, विटलेल्या लुगड्यांच्या त्या गुंडाळ्या बांधाच्या कडेनं रांगेत पडल्या. आत्या मोठ्यानं म्हणाली, “ह्या पडल्यात. ज्याला दहा आन्यात उचलायच्यात त्यानं उचला. आमी सोळाला उचलू.”

मुकादमाला आधी गंमत वाटली. त्यानं पुरुषांना सांगितलं, “दोन दिवस तुम्हीच वाहा. वर दोन-दोन आणे देतो.” पुरुष कामाला तयार होते. पण चुंबळीला कुणी हात लावीना. ते घरून कावडी घेऊन आले. कावड रस्त्यावर चालते. मिठागराचा बांध जेमतेम दीड वीत रुंद, त्यावर कावड वळत नाही. पहिलाच गडी वळणावर घसरला आणि दोन्ही टोपल्यांसकट पाण्यात बसला. बांधावरून आत्या ओरडली, “कसब हाय, कसब!” बायका इतक्या हसल्या की एकीला उचकी लागली.

दिवसभरात राशीवर नेहमीच्या दहाव्या हिश्शाएवढंही मीठ गेलं नाही. बांधाच्या कडेला पांढरे ढीग वाढत राहिले. मे अर्धा उलटला होता. मुकादम संध्याकाळी जाताना सारखा कर्नाळ्याच्या बाजूला आभाळाकडे बघत होता.

आता माझी चूक सांगतो. भाषणाची एक होतीच, ही दुसरी, आणि ही मी चांगल्या मनानं केली.

रात्रभर मला वाटत राहिलं की आपण काहीतरी करून दाखवलं पाहिजे. मी बारा वर्षांचा झाल्यापासून सुट्टीत वडिलांबरोबर फळी मारली आहे. पाटी मात्र कधीच घेतली नव्हती. मी ठरवलं, सगळ्यांसमोर पाटी घ्यायची, म्हणजे हे काम किती जड आहे ते पुरुषांना कळेल, आणि गावाची ती लाजही मोडेल. मला ते फार मोठं वाटलं होतं.

सकाळी मी बांधावर गेलो, रांगेतली आईची चुंबळ उचलली आणि डोक्यावर ठेवली. पुरुषांत हसू फुटलं. कुणीतरी शीळ घातली. मी पाटी भरली, कशीबशी डोक्यावर चढवली आणि चालू लागलो. ओल्या मिठाचं पाणी पाटीतून गळून कपाळावर आलं आणि डोळ्यांत उतरलं. डोळे मिटावेत तर बांध दिसेना, उघडे ठेवावेत तर आग. मान हलवली की पाटी जाते. मी चाळीसेक पावलं गेलो असेन.

मागून मुकादमाचा आवाज आला. तो आनंदानं ओरडत होता. “शाब्बास! बघा रे बघा! कॉलेजचा मुलगा पाटी घेतोय, तुम्हाला कसली लाज? उचला एकेक चुंबळ! आजचा रोज दीडपट!”

आणि दोन तरुण गडी खरंच पुढे झाले. त्यांचे हात चुंबळींकडे गेले.

मी काय केलं होतं ते तेव्हा मला कळलं. बायकांकडे एकच जोर होता. जे काम हलकं म्हणून त्यांच्या डोक्यावर दिलं होतं, ते पुरुष लाजेनं करणार नव्हते. ती लाज मोडायला मी निघालो होतो. आणि ती मोडली असती तर शेठचं मीठ त्याच दिवशी राशीवर गेलं असतं, दहा आण्याच्या बायकांवाचून.

आई उठून बांधावरून धावत आली. तिनं माझ्या डोक्यावरची पाटी एका हातानं पाण्यात लोटली. चुंबळ काढून घेतली.

“कोनी सांगितलं तुला?” ती म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “आदी तोंडानं आमचा रोज कमी केलास. आथा डोक्यानं काम घालवतंस?”

“आय, मला दाखवायचं होतं की हे किती जड हाय.”

“आमाला म्हाईत हाय किती जड हाय. तुला दाखवायचंच हाय तर त्याला दाखव.” तिनं मुकादमाकडे बोट केलं. “तिथं भरल्या सभेत बोललास ना? आथा इथं बोल. जे खरं हाय त्ये बोल.”

दोघं तरुण गडी थांबले होते. सगळे थांबले होते. वडील फळीच्या दांड्याला टेकून उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. माझ्याजवळ कागद नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मिठाचं होतं, पण लोकांना काय वाटलं असेल कोण जाणे.

मी जे बोललो ते फार थोडं होतं, आणि मध्ये मध्ये अडकत. तरी ते शब्द मला अजून आठवतात. मी म्हणालो, “मी कॉलेजात बोललो की फळीत कसब आहे आणि पाटीत नाही. मी फळी सहा वर्षं मारली. पाटी आज घेतली. चाळीस पावलं. ज्यानं एकच काम केलं त्यानं दोन कामांची तुलना केली, म्हणजे तो खोटं बोलला. मी खोटं बोललो. माझ्या आईनं तक्रार केलेली मी ऐकली नाही, असंही मी बोललो. मी तिला विचारलंच नव्हतं. मुकादमसाहेब, माझं नाव घेऊन यापुढे कुणाचा रोज कमी करू नका. पाटीचा रोज सोळाच पाहिजे.”

मुकादम म्हणाला, “झालं भाषण? याला बक्षीस नाही हं मिळणार.”

“नको मिळू दे,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसाला उलट बोललो. भीती वाटली, पण जीभ अडकली नाही.

ते दोघे तरुण गडी मागे सरले. एक म्हातारा गडी, ज्याला आगरावर सगळे मानायचे, आपली फळी बांधाला टेकवून खाली बसला. बाकीचे काही बसले, काही घरी गेले. वडील कुणाशी न बोलता घरी गेले. त्या दिवशी ते जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीही नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी कर्नाळ्याच्या मागून काळं आभाळ वर आलं आणि वारा फिरला. तासाभरात शेठची मोटार रस्त्याला लागली. शेठ स्वतः बांधापर्यंत आला, पायातले बूट हातात घेऊन. तो म्हणाला, “आधी मीठ उचला. रोजाचं पुढच्या मोसमाला बघू. माझा शब्द आहे.”

आत्या म्हणाली, “बघू नको बोलू, शेठ. देतो बोल.”

“बरं, देतो. दिवाळीनंतर आगर लागेल तेव्हापासून.”

“मुठीत मीठ घेऊन बोल.”

आमच्याकडे मीठ हातात घेऊन बोललेलं फिरवत नाहीत. शेठलाही ते माहीत होतं, तीन पिढ्या त्याचं घर या मिठावर उभं होतं. त्यानं मुकादमाकडे पाहिलं. आभाळ गडगडलं. शेठ वाकला, ढिगातलं मूठभर मीठ घेतलं आणि म्हणाला, “बाईला गड्याएवढा रोज देईन.” मूठ इतकी घट्ट होती की बोटांतून पाणी गळलं.

बायका उठल्या. चुंबळी डोक्यावर गेल्या. त्या संध्याकाळी त्या ज्या पळत होत्या ते मी विसरणार नाही. एक पाटी बांधावर सांडली नाही. अंधार पडेपर्यंत सगळं मीठ राशीवर होतं आणि वरचं छप्पर बसत असतानाच सर आली.

पण ते मीठ उचलल्याचा रोज दहा आणेच मिळाला, आणि तोही वडिलांच्या हातात.

जूनमध्ये मी कॉलेजात परत आलो. प्राध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, त्याच विषयावर दुसऱ्या कॉलेजात स्पर्धा आहे, मागच्या वर्षीचंच भाषण थोडं वाढवून दे. मी म्हणालो, “सर, मी दुसऱ्या बाजूनं बोलेन.”

“ती जागा भरली आहे. आणि वादविवादात बाजू आपली नसते, हे शिकायचं असतं.”

“मला ते शिकता आलं नाही, सर.”

ते रागावले. म्हणाले, “मग मागच्या बाकावरच बसा.” मी तिथंच बसलो, पण आता मला त्याचं काही वाटलं नाही. ज्या मुलीला बक्षीस मिळालं नव्हतं ती पुढच्या बाकावर होती. तासानंतर मी तिला सांगितलं, “मी आईला विचारलं.” ती म्हणाली, “मग?” मी म्हणालो, “रोज वाढतो का, ते अजून कळायचं आहे.”

खरोखरच कळायचं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो तेव्हा आगर लागलं नव्हतं. वडील माझ्याशी बोलू लागले होते, पण मिठागराचा विषय काढला की उठून जायचे. मुकादम पनवेलच्या बाजारात भेटला तर म्हणाला, “मीठ पावसात विरघळतं रे बाबा, मुठीतलंही.” ते वाक्य घेऊन मी परत आलो. पाय द्यायचं काम सुरू झालं असेल, पहिला हप्ता झाला असेल, असे दिवस मोजत राहिलो. शेठनं शब्द फिरवला तर बायका पुन्हा बसतील, पण तेव्हा मोसमाची सुरुवात असेल, आभाळ मोकळं असेल, आणि कुणाला घाई नसेल. हे मला कळत होतं आणि मी लांब होतो. आईला लिहिता येत नाही. दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही.

डिसेंबर संपता संपता एक कार्ड आलं. अक्षर शिरढोणकडून आमच्या शाळेत येणाऱ्या गुरुजींचं होतं. पहिल्या दोन ओळी त्यांच्याच, सविनय आणि विशेष वगैरे. पुढं आईनं त्यांना दटावलेलं दिसत होतं, कारण तिथून तिचंच बोलणं होतं. ते जसं होतं तसं उतरवतो.

“आगर लागला. पंधरा दिवस पाय दिले. पहिल्या दिवशी मुकादमानं तुज्या आत्याला कामावर घेतली नाय, बोलला म्हातारी झाली. आमी कोनीच आगरात उतरलो नाय. दुपारी घेतली. परवा हप्ता झाला. रोज पुरा आनला. पन दिला बाप्यांच्या हातात, नेमीसारा. तुज्या बाबांच्या हातात दोन रोज ठेवले. बाबा बोलले, यातला एक माजा नाय, जिचा हाय तिला द्या. मुकादम हसला. बाबा हसले नाय. हात पुढं धरून तसेच उभे रायले, मागची रांग थांबली. मंग मागच्या बाप्यांनी पन हात मागं घेतले. मुकादमानं माजा रोज माज्या हातात दिला. तुज्या आत्यानं आपला दोनदा मोजून घेतला, त्याला चिडवायला. पेल्यातल्या मिरच्या संपल्या, पेला घासून ठेवलाय, पन देवाकडं नाय ठेवला. आथा कॉलेजात जाऊन सांग.”